सभेत बसलेली माणसं : एका सचित्र महाभारताविषयी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर दिलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



वाचनकट्ट्यावर प्रत्येकानं एका पुस्तकावर बोलायचं असं ठरलं, तेव्हा मी महाभारताचं नाव दिलं. त्यावर दोन प्रतिक्रिया आल्या. एक जण म्हणाले, "एक लाख श्लोक, आणि तुम्हाला वेळ तीस मिनिटं!" दुसरी प्रतिक्रिया जिन्यात आली, हळू आवाजात. "काका, विषय चांगला आहे, पण महाभारत घरात ठेवू नये म्हणतात. भांडणं होतात."

ही समजूत माझ्याही लहानपणी घरात होती. रामायण देवघरात आणि महाभारत देवळात किंवा वाचनालयात. आता मला सांगा, आपल्या सोसायटीच्या वाचनालयात गेली पंचवीस वर्षं महाभारत नव्हतं. पार्किंगवरून, गच्चीच्या किल्लीवरून आणि तिसऱ्या मजल्याच्या गळतीवरून भांडणं झाली की नाही? सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मी चार वर्षं लिहिली आहेत, म्हणून विचारतो. तेव्हा त्या ग्रंथावरचा हा आरोप आपण तूर्त पुराव्याअभावी फेटाळून लावू.

मी आणलेलं पुस्तक हे आहे. 'जय'. लेखक देवदत्त पट्टनायक. मूळ इंग्रजी पुस्तक 2010 साली आलं, मराठीतही उपलब्ध आहे. महाभारताचं आपल्या काळातल्या वाचकासाठी केलेलं सचित्र पुनर्कथन, असं त्याचं स्वरूप. लेखक शिक्षणानं डॉक्टर, पण रमले पुराणकथांत. विशेष म्हणजे चित्रंही त्यांचीच, काळ्या रेषांची, अडीचशेहून जास्त. प्रकरणं 108. एकेक प्रकरण दोन-तीन पानांचं. जेवण झाल्यावर आणि बातम्या सुरू व्हायच्या आधी एक सहज होतं. प्रत्येक प्रकरणानंतर चौकटीत टिपा असतात, म्हणजे ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या प्रांतात कशी सांगतात, अमुक प्रथेमागचा विचार काय, वगैरे. या टिपा मला थोड्या जास्त वाटल्या. गोष्ट रंगात आलेली असते आणि लेखक मध्येच शिकवणीला बसतो. पण त्या टिपांमुळेच एक फायदा झालेला आहे. व्यासांच्या संस्कृत ग्रंथात नसलेल्या, पण लोकांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलेल्या कथा या पुस्तकात मोकळेपणानं आल्या आहेत.

उदाहरणार्थ जांभळाची गोष्ट. आपल्याकडे शाहीर विठ्ठल उमपांनी 'जांभूळ आख्यान' रंगभूमीवर गाजवलं, ते इथल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. वनवासात द्रौपदी झाडावरचं एक जांभूळ तोडते. ते असतं एका ऋषीचं. कृष्ण सांगतो, आता शाप चुकवायचा तर फळ पुन्हा देठाला चिकटायला हवं, आणि त्यासाठी मनातलं लपलेलं खरं बोलावं लागेल. तेव्हा द्रौपदीच्या तोंडून कर्णाचं नाव निघतं. संस्कृत महाभारतात ही कथा शोधून सापडायची नाही. आपल्या मराठी मातीतली आहे ती. दिल्ली-कोलकात्याच्या वाचकालाही आता ती ठाऊक झाली, याचं मला कौतुक वाटतं.

आता चित्रांकडे वळतो, कारण माझं खरं म्हणणं चित्रांबद्दलच आहे.

"सचित्र म्हणजे लहान मुलांचं" असा आपला एक समज असतो. आमच्या पिढीनं 'चांदोबा'तली चित्रं पाहिली, मुकुट घातलेले दाक्षिणात्य वळणाचे राजे. आमच्या मुलांनी अमर चित्र कथा वाचल्या. त्यातली महाभारताची मालिका 1985 पासून चार-पाच वर्षं निघाली, 42 अंक, आणि मुख्य चित्रकार होते दिलीप कदम. त्याच सुमारास दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' लागलं. 1988 च्या गांधीजयंतीला सुरू झालं आणि 94 भाग चाललं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. पण चित्रांतून महाभारत सांगणं ही काही अलीकडची टूम नाही. अकबरानं महाभारताचं फारसी भाषांतर करून घेतलं, त्याचं नाव 'रझ्मनामा', म्हणजे युद्धाचा ग्रंथ, आणि ते आपल्या दरबारातल्या उत्तमोत्तम चित्रकारांकडून सजवून घेतलं.

इतक्या लांब जायचंही कारण नाही. नोकरीत माझी तीन वर्षं सिंधुदुर्गात गेली. कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे, तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही कला. एकदा देवळात रात्री ती पाहायला मिळाली. कागदावर रंगवलेली फूट-दीड फुटाची चित्रं, त्यांच्या गठ्ठ्याला ते 'पोथी' म्हणतात. फळीला टेकवून एक चित्र समोर उभं करायचं, वीणा आणि टाळ, हुडूक वाजवणारा एक जण, आणि मग त्या एकाच चित्रावर बराच वेळ निरूपण. चित्र हलत नाही, माणसाचा आवाज हलतो. ऐकणारा त्या चित्रातल्या एकेका आकृतीकडे सवडीनं पाहत राहतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला ती रात्र आठवली.

आणि एक गोष्ट आपल्या पुण्याची, जी पुणेकरांनाही फारशी माहीत नसते. भांडारकर संस्था आपल्याला ठाऊक आहे. तिथली महाभारताची चिकित्सक आवृत्ती जगात गाजली. तिची सुरुवात कशी झाली? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या चित्रांच्या हौसेतून! औंध म्हणजे आपल्या शेजारचं, ट्रॅफिकचं औंध नव्हे. सातारा जिल्ह्यातलं संस्थान. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे ते हेच राजे. स्वतः चित्रकार. त्यांचं 'चित्ररामायण' 1916 साली निघालं होतं. आता महाभारताचंही सचित्र पुस्तक व्हावं, अशी त्यांची इच्छा. 1918 मध्ये त्यांनी त्यासाठी संस्थेला एक लाख रुपये जाहीर केले. त्या काळचे एक लाख! बँकेत आयुष्य गेल्यामुळे रक्कम ऐकली की माझा हात आपोआप व्याजाचा हिशेब करायला लागतो, पण तो मोह आवरतो.

पंडितांनी विचार केला, की चित्रं काढायची तर आधी संहिता कुठली धरायची? काश्मीरची पोथी वेगळी, बंगालची वेगळी, मलबारची वेगळी. म्हणून आधी सगळ्या पोथ्या ताडून मूळच्या जवळचा पाठ ठरवू. 1919 च्या एप्रिलमध्ये सर रामकृष्ण भांडारकरांच्या हस्ते आरंभ झाला. पुढे डॉ. विष्णु सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला माणूस, त्यामुळे कामाला शिस्त गणिताची. 1259 हस्तलिखितं तपासली गेली. सुखटणकर 1943 मध्ये गेले. त्यांच्यानंतर बेलवलकर, नंतर प. ल. वैद्य. काम पुरं झालं 1966 मध्ये. सत्तेचाळीस वर्षं! आमच्या बँकेत एखादी फाइल इतकी चालली असती तर चौकशी लागली असती. इथे मात्र टाळ्याच वाजवल्या पाहिजेत. त्या खंडांत बाळासाहेबांची चित्रंही आहेत, जुन्या शिल्पांच्या आणि चित्रांच्या नमुन्यांवरून काढलेली. म्हणजे एका राजानं चित्रांचं पुस्तक मागितलं आणि देशाला महाभारताचा शोधून पारखलेला पाठ मिळाला.

आता मुद्दा. शब्दांना एक सोय असते, ती चित्राला नसते. शब्द गोष्ट मोघम ठेवू शकतात. "सभा स्तब्ध झाली" असं तीन शब्दांत लिहून लेखक पुढे जातो. चित्रकाराला तसं करता येत नाही. सभा काढायची तर माणसं काढावी लागतात. कोण कुठे बसलं, कुणाचं तोंड कुणाकडे, कुणाची मान खाली, कुणाचा हात वर. प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते. आणि एकदा त्यानं ठरवलं की पाहणाऱ्याच्या मनात ते पक्कं होतं, विशेषतः तो आठ-दहा वर्षांचा असेल तर. पुढे जन्मभर तो तेच महाभारत पाहतो.

साधी गोष्ट घ्या, द्रौपदीचा रंग. तिचं एक नाव कृष्णा. ती सावळी, असं ग्रंथ स्वच्छ सांगतो. राजा रविवर्म्याच्या चित्रात ती उजळ झाली, तिथून छापील चित्रांत आणि कॅलेंडरांवर गेली, आणि आपण सगळ्यांनी मनातल्या मनात तिला गोरी करून टाकली. लग्नाच्या जाहिरातींतला रंग आपण थेट हस्तिनापुरापर्यंत नेला.

पण रंगापेक्षा मोठा प्रश्न द्यूतसभेचा. या पुस्तकात किंवा कुठल्याही सचित्र महाभारतात मी आधी तेच पान उघडतो. बहुतेक चित्रांत काय असतं? मध्ये द्रौपदी, साडी ओढणारा दुःशासन, वर आकाशात हात उंचावलेला कृष्ण. तीन माणसांत प्रसंग संपला. देव आला, लाज राखली, आपण हात जोडले. गंमत अशी, की भांडारकरच्या चिकित्सक पाठात कृष्णाचा तो धावा नाही. तो भाग त्यांनी नंतरची भर म्हणून तळटिपांत ठेवला. वस्त्रामागून वस्त्र निघत गेलं एवढंच तिथे आहे. भाविकांनी वाईट वाटून घेऊ नये. धावा खोटा असं मी म्हणत नाही, लोकांनी शेकडो वर्षं मनापासून म्हटलेला आहे तो. पण वरचा कृष्ण क्षणभर बाजूला ठेवला की नजर खाली येते, आणि मग सभेत बसलेली माणसं दिसायला लागतात.

तिथे भीष्म आहेत. द्रोण आहेत, कृप आहेत, विदुर आहेत. गादीवर धृतराष्ट्र. आणि द्रौपदीनं काय केलं? ती नुसती रडली, अशी आपली समजूत असते. बोलावणं घेऊन आलेल्या सूताला तिनं आधी परत पाठवलं, एक प्रश्न देऊन. जा, त्या जुगाऱ्याला सभेत विचार, तू आधी कुणाला हरलास, स्वतःला की मला?

मंडळी, मी बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. हा प्रश्न मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. हा शुद्ध तारणाचा प्रश्न आहे! जो स्वतःच स्वतःचा मालक उरलेला नाही, त्यानं दुसऱ्याला तारण ठेवलं तर तो दस्त वैध कसा? कुठलाही कनिष्ठ अधिकारी असं प्रकरण वर पाठवणार नाही. भीष्मांना ते कळत नव्हतं असं नाही. ते म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. एक बाजू सांगतात, दुसरी बाजू सांगतात आणि थांबतात. आणि धृतराष्ट्र? द्रौपदीला पणाला लावलं त्या वेळी तो आनंद न लपवता पुन्हा पुन्हा विचारतो, जिंकलं का, जिंकलं का? आंधळ्या बापाचा तो उत्सुक चेहरा चित्रात काढायला फार धाडस लागेल. मी अजून तो कुठे पाहिलेला नाही.

एक माणूस उठला. विकर्ण. दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. तो म्हणाला, हिला जिंकलेलं मी मानत नाही. कारणंही दिली त्यानं, एखाद्या वकिलानं द्यावीत तशी. त्याला गप्प कुणी केलं? कर्णानं. 'मृत्युंजय' वाचून आमच्या पिढीनं कर्णाला डोक्यावर घेतलं, मीही घेतलं, आणि सावंतांची ती कादंबरी आजही मला आवडते. पण सभापर्वात विकर्णाला पोरकट ठरवणारा आणि पांडवांची नि द्रौपदीची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. जांभळाची गोष्ट सांगताना हे पानही जवळ असू द्यावं.

विकर्ण बहुतेक चित्रांत नसतो. असला तरी ओळखू येत नाही. शंभर कौरवांतली आपल्याला दोनच नावं पाठ, आणि जो बोलला त्याचं नाव मुलांना विचारा, दहांत नऊ जणांना सांगता येणार नाही. पुढे युद्धात भीमानं त्यालाही मारलं, शंभरांना मारण्याची प्रतिज्ञा होती म्हणून. मारल्यावर मात्र हळहळला. ते वाचताना मला दुर्योधनाच्या मांडीपेक्षा जास्त त्रास होतो.

आता तुम्ही म्हणाल, काका, हस्तिनापूर राहू द्या, आपलं काय? तर एक प्रसंग सांगतो. नावगाव सांगत नाही. माझ्या एका शाखेत मृत खातेदाराच्या दाव्याचं प्रकरण होतं. वडील गेलेले, मागे तीन भाऊ आणि एक बहीण. भावांच्या नावे रक्कम द्यायची तर बहिणीनं हक्क सोडल्याचं पत्र लागतं. ते तयार करून आणलं होतं. सोबत काका, मामा, गावातले एक प्रतिष्ठित. माझ्या टेबलाभोवती खुर्च्या पुरेनात. बहिणीनं पेन हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाबांच्या ठेवी किती आहेत?"

कुणीही बोललं नाही. काका पंख्याकडे बघत होते. मामांना अचानक फोन आला, वाजल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

ती वारस होती. आकडा विचारायचा तिला अधिकार होता. मी ठेवींच्या पावत्या तिच्यासमोर सरकवल्या. तिनं एकेक पावती वाचली, बेरीज केली, आणि मग सही केली. सही करायची की नाही हा तिचा निर्णय. पण त्या दीड-दोन मिनिटांत टेबलाभोवतीची माणसं कशी बसली होती, ते चित्र मला आजही काढता येईल. कुणीही दुष्ट नव्हतं. चहा मागवताना तिला साखर कमी लागते, हे सगळ्यांच्या लक्षात होतं.

महाभारत मूळात वाटणीची केस आहे. राज्य म्हटल्यामुळे आपल्याला ती दुसऱ्या कुणाची वाटते. चुलतभाऊ, एक घर, मधल्या पिढीनं वेळेवर न केलेली कागदपत्रं, मुलाला नाही म्हणू न शकणारा बाप. इथे समोर साठी-सत्तरी ओलांडलेली बरीच मंडळी आहेत, मी त्यांच्यातलाच. आपण या कथेत स्वतःला कृष्ण किंवा अर्जुन समजत वाचत आलो. वयानं आता आपण भीष्म-धृतराष्ट्रांच्या रांगेत बसलो आहोत. आपल्या घरात मुलगी किंवा सून काही विचारते, तेव्हा आपण मान कुठे वळवतो, हे पुस्तकातलं चित्र बघताना आठवलं तर बरं.

मुलांना हे दाखवावं का, असाही एक प्रश्न आला होता. पाच नवरे, नियोग, सभेतला तो प्रकार. माझं मत, दाखवावं. मुलं त्यापेक्षा वाईट गोष्टी हातातल्या फोनवर एकटी बघतात. ही आजी-आजोबांच्या शेजारी बसून बघतील. आमची नात दहा वर्षांची आहे. असंच एक सभेचं चित्र बघत असताना तिनं द्रौपदीबद्दल काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, "आजोबा, हे दाढीवाले सगळे खाली काय शोधतायत?" मी तिला भीष्मांचं उत्तर सांगून पाहिलं, धर्म सूक्ष्म असतो वगैरे. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना येत होतं, पण हात वर नाही केला." शाळेतली भाषा आहे. पण अठरा पर्वांत भीष्मांचं इतकं थोडक्यात मूल्यमापन कुणी केलेलं नाही.

पट्टनायकांच्या पुस्तकाबद्दल एक तक्रार राहिली, तीही सांगून टाकतो. शांतिपर्व हे महाभारतातलं सर्वांत मोठं पर्व, आणि कुठल्याही संक्षेपात ते आक्रसून जातं. इथेही तेच झालं आहे. स्त्रीपर्वातल्या गांधारीनं रणांगणावर फिरत एकेका प्रेताजवळ थांबत केलेला शोक, त्याला आणखी पानं मिळायला हवी होती असं मला वाटतं. ज्यांना ती भूक लागेल त्यांनी इरावतीबाईंचं 'युगान्त' आणि दुर्गाबाईंचं 'व्यासपर्व' घ्यावं. दोन्हींत चित्रं नाहीत, आणि दोन्ही हातातून सुटत नाहीत. पण सुरुवात करायला, आणि घरात मोठ्यानं वाचायला, हे सचित्र पुस्तक उत्तम.

शेवटी एक सूचना, कमिटीनं मान्य केलेली आहे म्हणून जाहीर करतो. गणपतीत दरवर्षी मुलांची चित्रकला स्पर्धा होते आणि दरवर्षी 'माझा गाव' नाहीतर 'पावसाळ्यातला एक दिवस' हाच विषय असतो. यंदा विषय 'द्यूतसभा'. वयोगट आठ ते चौदा. नियम एकच. द्रौपदी आणि दुःशासन नाही काढले तरी चालेल, पण सभेत बसलेले निदान सहा जण काढायचे, आणि प्रत्येकाचं नाव खाली लिहायचं. विकर्ण कुठे आहे ते बाणानं दाखवायचं. कागद माझ्याकडून, रंग आपापले. आजी-आजोबांची मदत गोष्ट सांगण्यापुरतीच घ्यायची, ब्रश हातात घ्यायचा नाही. गेल्या वर्षी काही चित्रांत ती मदत फार झाली होती, हे परीक्षकांच्या लक्षात आलेलं आहे.